पडद्यावर दिसलं, फोटोत हरवलं

"का गं, माझा फोटो आला का?"

हळदीकुंकू आटोपलं होतं, तिळगुळाचे डबे आवरायची घाई चालली होती. तेवढ्यात काकूंनी जवळ येऊन अगदी हळू आवाजात विचारलं. मी म्हटलं, "आलाय ना काकू, छान आलाय!" खोटं कशाला बोलू, मी तो कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहिला होता. समईचा उजेड, काकूंचं जरासं झुकलेलं कपाळ, कुंकू लावणारं बोट, सगळं कसं लख्ख दिसलं होतं. रात्री घरी आले, लेकाच्या कॉम्प्युटरवर फोटो उघडला आणि पोटात धस्स झालं. चेहरा पार हललेला, डोळे कुठले आणि भुवया कुठल्या ते कळेना!

आता एक फोटो बिघडला तर एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. पण काकूंना वैधव्य येऊन एकोणीस वर्षं झाली होती. एकोणीस संक्रांती त्या दाराआडून बायकांची ये-जा बघत होत्या. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच्या बातम्या आम्ही मंडळात वाचल्या आणि ठरवलं, पुढच्या संक्रांतीला सगळ्यांना बोलवायचं, कुणालाही वगळायचं नाही. त्याप्रमाणे २०२३ च्या जानेवारीत, देवळाच्या सभामंडपात, एका मिणमिणत्या दिव्याखाली काकू पाटावर बसल्या. तो क्षण टिपायचं काम माझ्याकडे होतं आणि तोच माझ्या हातून निसटला.

दुसऱ्या दिवशी गावातल्या फोटो स्टुडिओवाल्या भाऊंकडे गेले. कॅमेरा भाच्याने दिलेला, जुना डीएसएलआर. मला वाटलं, त्यातच काहीतरी बिघाड असणार. भाऊ हसले. म्हणाले, "वहिनी, कॅमेरा ठणठणीत आहे. तुम्ही पडद्यावर विश्वास ठेवलात, तेवढंच चुकलं."

मग त्यांनी जे समजावलं, ते मैत्रिणींनो, तुमच्याही उपयोगाचं आहे. डीएसएलआरच्या छोट्या खिडकीला डोळा लावला की लेन्समधून येणारा उजेड आतल्या आरशावरून फिरून आपल्या डोळ्यापर्यंत पोहोचतो. लाइव्ह व्ह्यूचं बटण दाबलं की हा आरसा वर उचलला जातो, उजेड थेट सेन्सरवर पडतो आणि सेन्सरला जे दिसतंय ते मागच्या पडद्यावर येतं. साध्या डिजिटल कॅमेऱ्यांत ही सोय १९९५ च्या कॅसिओ क्यूव्ही-१० पासून होती. लेन्स बदलता येणाऱ्या डीएसएलआरमध्ये ती २००६ च्या ऑलिम्पस ई-३३० ने आणली आणि २००७ पासून कॅनन, निकॉनच्या कॅमेऱ्यांतही येऊ लागली. नव्या मिररलेस कॅमेऱ्यात तर आरसाच नसतो. आणि आपला मोबाइल? तो तर पहिल्यापासून पडद्यावर बघूनच फोटो काढतो.

भर दुपारी हा पडदा बराचसा खरं बोलतो. अंधारात मात्र तो आपली समजूत काढतो. पुरेसा उजेड नसला की कॅमेरा सेन्सरकडून आलेलं चित्र वाढवून दाखवतो. रेडिओचा आवाज वाढवला की खरखरही वाढते, तसंच इथे. चित्र उजळतं, पण त्यात दाणे दिसू लागतात. शिवाय जास्त उजेड गोळा करायला तो चित्रं सावकाश बदलतो, त्यामुळे पडद्यावरची हालचाल अडखळत, मागे राहून येते. आणि प्रत्यक्ष फोटो घेताना शटर किती वेळ उघडं राहणार, हे त्या चित्रावरून कळत नाही. माझ्या फोटोत ते १/८ सेकंद उघडं राहिलं होतं. तेवढ्यात काकूंनी मान वर केली, झालं! तीन इंचांच्या पडद्यावर ते लक्षातही आलं नाही.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे फ्लॅश बंद. फ्लॅशने समईचा सगळा पिवळा उजेड मरतो आणि बायका दचकतात ते वेगळंच. मोड 'ए' किंवा 'एव्ही' ठेवायचा आणि एफचा आकडा लेन्स देईल तेवढा लहान करायचा. कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या लेन्सवर तो साधारण ३.५ असतो. ५० मिलिमीटरची, एफ १.८ ची साधी लेन्स मिळाली तर तिच्यातून जवळजवळ चौपट उजेड आत येतो. आयएसओ १६०० पर्यंत न्यायचा. फोटोत थोडे दाणे येतील, येऊ देत. दाण्यांतून माणूस ओळखू येतो, हललेल्या फोटोतून नाही.

त्यानंतर पडद्याच्या खालच्या बाजूला शटरचा आकडा बघायचा. माणसांचे फोटो असतील तर १/६० च्या खाली जाऊ द्यायचा नाही. जातच असेल तर आयएसओ आणखी वाढवा किंवा समई जवळ सरकवा. लेन्समध्ये हात हलण्यावर उपाय असतो, पण समोरचा माणूस हलला तर तो काही कामाचा नाही.

फोकसचंही तसंच. अंधारात लेन्स घर्र घर्र करत पुढे-मागे होत राहते आणि तिला काही सापडत नाही, हा अनुभव तुम्हीही घेतला असेल. जुन्या डीएसएलआरमध्ये लाइव्ह व्ह्यू चालू असताना कॅमेरा उजेड आणि काळोख यातला फरक शोधून फोकस करतो. म्हणून फोकसचा चौकोन सपाट काळोखावर ठेवू नका. पदराचा काठ, चष्म्याची कड, पणतीचा कंगोरा अशा, उजेड-अंधार जिथे भेटतात तिथे ठेवा. तरी जमलं नाही तर लेन्सवरचं बटण 'एमएफ' वर करा, भिंगाच्या खुणेचं बटण दाबून पडद्यावरचं चित्र पाचपट, दहापट मोठं करा आणि लेन्सची कडी हळूहळू फिरवा. पणतीची वात रेखीव दिसली की थांबा. स्थिर वस्तूसाठी याच्याइतकी खात्रीची रीत नाही. लाइव्ह व्ह्यूचा अंधारातला खरा फायदा हाच!

पणत्यांच्या फोटोत आणखी एक गंमत. आजूबाजूला काळोख जास्त असल्यामुळे कॅमेऱ्याला वाटतं, उजेड वाढवायला हवा. मग ज्योती पांढऱ्याफटक होतात. अशा वेळी अधिक-उणेच्या खुणेवर जाऊन उणे एक करायचं. ट्यूब किंवा एलईडीच्या उजेडात पडद्यावर काळे-पांढरे पट्टे सरकताना दिसले तर घाबरू नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. मोड 'एस' किंवा 'टीव्ही' वर नेऊन शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे बहुतेक जातात.

पडद्यात बघायचं म्हणजे कॅमेरा डोळ्यापासून लांब धरावा लागतो आणि हात जास्त हलतात. कोपरं अंगाला चिकटवा, गळ्यातला पट्टा ताणून धरा. पायरी किंवा कठडा असेल तर त्यावर कॅमेरा टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा. पडद्याचा उजेडही कमी करा. अंधारात तो इतका झगझगतो की काळवंडलेला फोटोही उजळ वाटतो, आणि मागे बसलेल्यांच्या डोळ्यांवर येतो ते निराळंच.

आणि शेवटची गोष्ट, जी मी त्या दिवशी केली नाही. फोटो काढल्यावर लगेच तो उघडून मोठा करायचा आणि माणसाचे डोळे तपासायचे. दहा सेकंदांचं काम. मी ते केलं असतं, तर काकू तिथेच पाटावर होत्या, कुंकवाचा करंडा तिथेच होता. "काकू, जरा थांबा हं," एवढंच म्हणायचं होतं.

त्याच वर्षी त्रिपुरी पौर्णिमेला काकू देवळाच्या पायऱ्यांवर पणत्या लावायला आल्या. या वेळी मी आधीच जाऊन एका पणतीवर फोकस, शटर सगळं बघून ठेवलं होतं. तीन फोटो काढले, तिन्ही मोठे करून तपासले. तिसऱ्यात काकू हसत होत्या आणि कपाळावरचं कुंकू स्वच्छ दिसत होतं.

प्रिंट घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी ती बराच वेळ निरखली, पदराने पुसली आणि कपाटावर काकांच्या तसबिरीशेजारी ठेवली. मग म्हणाल्या, "आणि तो संक्रांतीचा?"

या वेळी मी खरं सांगितलं.