जाळें एकासाठीं, मरण दुसऱ्यास

ज्याची शिकार कोणीहि करीत नाहीं, तरी जो माणसाच्याच हातून नाहींसा होत आहे, अशा एका प्राण्याची हकीकत आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगूं इच्छितों.

मेक्सिको देशाच्या पश्चिमेस, मुख्य भूमि व बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्प यांच्यामध्यें, कॅलिफोर्नियाचें आखात हा चिंचोळा समुद्र आहे. त्याच्या उत्तर टोकास वाकिटा नांवाचा प्राणी राहतो. स्पॅनिश भाषेंत ह्या शब्दाचा अर्थ 'छोटी गाय' असा होतो. वाकिटा पाण्यांत राहते खरी, परंतु ती पिलांस दूध पाजते व डॉल्फिनाशीं तिचें जवळचें नातें आहे. लांबी अवघी पांच फूट, आणि डोळ्यांभोंवतीं काजळ घातल्याप्रमाणें काळीं वर्तुळें. पृथ्वीवर ती अन्यत्र कोठेंहि आढळत नाहीं. १९९७ सालीं तिची संख्या सुमारें ५६७ असावी असा अंदाज होता. २०२४ सालच्या पाहणींत केवळ ६ ते ८ वाकिटा दृष्टीस पडल्या.

ह्याचें कारण दुसऱ्याच एका जीवांत आहे. त्याच पाण्यांत टोटोआबा नांवाचा मोठा मासा असतो. त्याच्या पोटांतील हवेच्या पिशवीस चीन देशांत औषधी व प्रतिष्ठेची वस्तु म्हणून अतोनात किंमत येते. आपल्या किनाऱ्यावरील घोळ माशाच्या अशाच पिशवीस कोळी लोक 'बोत' म्हणतात व तिलाहि परदेशीं मोठा भाव मिळतो, हें पालघरकडील मुलांस ठाऊक असेल. टोटोआबा धरण्यासाठीं भिंतीसारखीं जाळीं पाण्यांत उभीं करतात. त्यांत वाकिटाहि गुंतते. श्वास घेण्यास तिला वर यावें लागतें. तें न साधल्यामुळें ती गुदमरून मरते.

कायदे झाले नाहींत असें नाहीं. टोटोआबा धरण्यास १९७५ सालींच बंदी झाली. २०१७ सालीं ह्या टापूंत अशीं बहुतेक जाळीं कायमचीं निषिद्ध ठरलीं. त्याच वर्षीं वाकिटा जिवंत धरून सुरक्षित ठेवण्याचा प्रयत्न झाला. परंतु एक मादी दगावली, आणि तो सोडून द्यावा लागला. २०२२ सालीं मेक्सिकोच्या नौदलानें आंकडे बसविलेले १९३ काँक्रीटचे ठोकळे समुद्रतळाशीं सोडले. जाळें टाकल्यास तें त्यांत अडकून फुकट जावें, हा हेतु. तेथील जाळीं त्यामुळें पुष्कळ कमी झालीं.

तथापि केवळ कोळ्यांस दोष देणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. किनाऱ्यावरील सान फेलिपे गांवांत सचोटीनें कोळंबी व इतर मासळी धरणारेहि आहेत. जाळें हिरावलें कीं त्यांची चूल विझते, आणि मग चोरट्या व्यापाऱ्याचा पैसा अधिकच मोहक भासतो. निर्धोक जाळें व त्यावर पुरेसा रोजगार मिळाल्यावांचून बंदी टिकणार नाहीं. आणि जो दूर देशीं बसून ती पिशवी विकत घेतो, त्यानें वाकिटाचें नांवहि ऐकलें नसेल. तरी तिच्या मरणांत त्याचा वांटा आहेच.

आशेला अद्याप जागा आहे. जाळ्यांतील मृत्यु थांबले तर उरलेल्या मूठभर वाकिटांपासूनहि वंश सांवरूं शकेल, असें २०२२ सालच्या आनुवंशिक संशोधनांत दिसून आलें. बालमित्रहो, कोणतीहि दुर्मिळ वस्तु विकत घेण्यापूर्वीं, ही कोठून आली व हिच्यापायीं कोणाचा जीव गेला, एवढें विचारण्याची संवय तुम्हांस लागो, इतकीच आमची इच्छा आहे.