जमिनीच्या पोटातले पाणी आणि त्याचा जमाखर्च

जमिनीच्या पोटात पाण्याच्या नद्या वाहत असतात आणि पाणाड्याने दाखविलेल्या जागी खोदले की त्यांपैकी एखादी आपल्या हाती लागते, अशी समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. ही समजूत निरुपद्रवी असती, तर तिच्याविषयी बोलण्याचे कारण नव्हते. परंतु नदी म्हटली की ती वाहतच राहणार, आज उपसली तरी उद्या भरणार, असे मन गृहीत धरते. आणि याच भरवशावर गावोगाव एकीच्या शेजारी दुसरी विंधन विहीर घेतली जाते. म्हणून हे पाणी प्रत्यक्षात असते कसे, सरकारी यंत्रणा ते मोजते कशी आणि त्या मोजणीपासून आपण काय शिकावयाचे, एवढ्याच तीन गोष्टी आम्ही येथे मांडणार आहोत.

महाराष्ट्राच्या सुमारे ८० टक्के भूमीखाली काळा पाषाण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून तो बनला. हा दगड अखंड असेल तर त्यात पाण्याला शिरकाव नाही. पाणी राहते ते वरच्या मुरमात, सच्छिद्र मांजऱ्या खडकात आणि पाषाणाच्या भेगांत व सांध्यांत. असा झिजलेला खडक पाण्याने पूर्ण भरला, तरी १०० घनमीटर खडकातून आपल्या पदरात पडते ते साधारण २ घनमीटर पाणी. तापी-पूर्णेच्या खोऱ्यातील गाळाच्या जमिनीत हे प्रमाण कितीतरी अधिक असते. पण असे भाग्य थोड्याच जिल्ह्यांच्या वाट्याला आले आहे. बाकीच्या महाराष्ट्राचे भांडे मोठे दिसते, पण त्यात मावते थोडे.

या भांड्याची मोजदाद ठेवण्याचे काम राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास ती आकारास आली. तेव्हा तातडीचे काम होते ते तहानलेल्या गावांसाठी विंधन विहिरी घेऊन हातपंप बसविण्याचे. पुढे, नुसते पाणी शोधून भागणार नाही, त्याचा हिशेबही ठेवावा लागेल, हे ध्यानात आले. यंत्रणेने राज्याची विभागणी सुमारे दीड हजार पाणलोट क्षेत्रांत केली आहे. तालुक्याची हद्द माणसाने आखलेली. पाण्याला ती ठाऊक नसते. पाणी डोंगराचा माथा आणि ओढ्याचा उतार एवढेच ओळखते. प्रत्येक पाणलोटात काही विहिरी निरीक्षणासाठी निवडलेल्या असतात. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा चार वेळा तेथे जाऊन पाण्याची पातळी जमिनीपासून किती खोल आहे, हे नोंदवितात. काम साधे आहे. पण तेच वर्षानुवर्षे, त्याच विहिरींवर केले, म्हणून त्याला मोल आले.

मे महिन्यातील पातळी आणि पावसाळ्यानंतरची पातळी यांतील फरक म्हणजे त्या वर्षीची जमा. आता एक हिशेब करून पाहू. १००० हेक्टरांचे एक गाव धरा. पावसाळ्यात तेथील विहिरी सरासरी ४ मीटर चढल्या. गावकऱ्यांना वाटेल, पाणीच पाणी झाले! पण खडकात पाणी शेकडा दोनच. म्हणजे ४ मीटर चढ याचा अर्थ अवघे ८ सेंटिमीटर उंचीचे पाणी. साऱ्या गावाचे मिळून ते ८ लाख घनमीटर भरते. एक हेक्टर उसाला पाटाने वर्षभरात २० हजार घनमीटर पाणी द्यावे लागते असे धरले, तर हे सगळे पाणी ४० हेक्टर उसातच संपते. आणि २००० वस्तीच्या त्याच गावाला माणशी रोज ५५ लिटर पाणी पुरवावयाचे, तर वर्षाला लागते सुमारे ४० हजार घनमीटर. म्हणजे दोन हेक्टर उसाचे पाणी! तरीही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात त्या घागरीच. कमतरता पाण्याची आहे की वाटणीची, हे ज्याने त्याने ठरवावे.

उपसा आणि जमा यांचे प्रमाण पाहून पाणलोटांची वर्गवारी करतात. उपसा जमेच्या ७० टक्क्यांपर्यंत असेल तर क्षेत्र सुरक्षित. ९० पर्यंत अंशतः शोषित. १०० पर्यंत शोषित. आणि त्यापुढे अतिशोषित. अतिशोषित म्हणजे व्याज संपवून मुदलाला हात घातलेला. जळगावचा केळीचा पट्टा आणि वरूड-मोर्शीचा संत्र्याचा पट्टा यांची गणना अशाच भागांत होत आली आहे. तेथील बागाईतदार उधळे नाहीत, कष्टाळू आहेत. पण शेजाऱ्याने १०० मीटर खोल गेल्यावर आपण २०० मीटर न जावे, तर बाग वाळते. अशा शर्यतीत जिंकणारा कोणीच नसतो. खोलवरच्या भेगांतले पाणी थोडे, आणि ते भरावयास लागणारा काळ मोठा.

यावर कायद्याने काय केले? १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने जमिनीखालचे पाणी जमीनमालकाच्या हाती दिले होते. महाराष्ट्राने १९९३ मध्ये सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या उद्‌भवापासून ५०० मीटरांच्या आत नवी विहीर घेण्यास बंधन घातले. नंतरचा २००९ चा कायदा २०१४ पासून अंमलात आला. शेतीसाठी व उद्योगासाठी ६० मीटरांपेक्षा खोल विहीर घेण्यास त्यात मनाई आहे. कायदे चांगले आहेत. घोडे पेंड खाते ते अंमलबजावणीत. विंधनयंत्र रात्री शिवारात येते आणि पहाटेपूर्वी निघून जाते. त्याच्यामागे शिपाई किती धाडणार?

म्हणून खरा उपाय गावाच्या हाती आहे, असे आमचे मत आहे. अहमदनगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) हिवरे बाजारने तो करून दाखविला. पाऊस मोजावयाचा, पिण्याचे पाणी आधी बाजूला काढावयाचे, आणि उरलेल्या पाण्यात बसतील तीच पिके घ्यावयाची, असा ताळेबंद हे गाव ग्रामसभेत मांडत आले आहे. शेतीला पाणी देण्यासाठी विंधन विहीर घ्यावयाची नाही, हा निर्बंधही त्याने स्वतःवर घालून घेतला. केंद्र सरकारची अटल भूजल योजना २०२० पासून निवडक राज्यांत सुरू झाली, तीतही गावाने स्वतःचा जलताळेबंद मांडावा यावरच भर दिला गेला.

विहीर ज्याच्या शेतात, पाणी त्याचे, हा न्याय आपण पिढ्यानपिढ्या पाळला. पण आपल्या विहिरीतले पाणी वरच्या शिवारात मुरले होते, आणि आपण उपसले नसते तर ते खालच्या विहिरीला मिळाले असते. ते आपल्या बांधाच्या आत आले एवढ्याने ते आपले झाले काय? दोरी आणि मोजपट्टी यांना फारसे मोल पडत नाही. प्रत्येक गावाने ऑक्टोबरात आपल्या चार-दोन विहिरी मोजाव्यात, आकडे चावडीवर सर्वांच्या डोळ्यांसमोर लिहावेत, आणि मग रब्बीचा विचार करावा. आकडा एकदा भिंतीवर आला, की तो कोणा एकाचा राहत नाही. आणि पाणीही राहत नाही.