टोल महामार्गाला, सेस गावरस्त्याला

वाशीम जिल्ह्यात रस्त्याचे पैसे वसूल करण्याच्या तीन रीती शेजारी शेजारी नांदतात. समृद्धी महामार्गावरून जेवढे अंतर कापाल तेवढाच टोल बाहेर पडताना फास्टॅगमधून वळता होतो. अकोला-वाशीम-हिंगोली या राष्ट्रीय महामार्ग 161 सारख्या रस्त्यांवर नाका ओलांडला की त्या टप्प्याचा ठरलेला टोल कापला जातो. आणि या दोन्ही रस्त्यांना कधी चाक न लावणारा शेतकरीसुद्धा पंपावर डिझेल भरतो तेव्हा रस्त्यासाठीचा सेस देऊन मोकळा होतो.

यातली न्याय्य रीत कोणती? महामार्ग रुंद करायचे, नवे बांधायचे, तर पैसा टोलमधून उभा करावा की इंधनावरच्या करातून? ‘गाडी घेताना कर भरला, पेट्रोलवर भरला, वर टोल कशाला?’ हा सवाल चहाच्या टपरीपासून विधानसभेपर्यंत ऐकू येतो. त्याचे उत्तर द्यायचे तर हा पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, हे आधी पाहायला हवे.

जयकर समितीचा धडा

इंधनातून रस्ते बांधण्याची कल्पना आपल्याकडे आणण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. 1927 मध्ये मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमली गेली. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. पेट्रोलवर जादा कर लावावा आणि तो पैसा वेगळा ठेवून फक्त रस्त्यांवर खर्च करावा, असे समितीने सुचवले. त्यातून 1929 मध्ये केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. जो जास्त फिरेल तो जास्त पेट्रोल जाळेल आणि आपसूकच जास्त पैसे देईल, हे त्यामागचे साधे सूत्र.

2000 च्या केंद्रीय रस्ते निधी कायद्याने हे सूत्र आणखी पक्के केले. डिझेलवरच्या सेसचा निम्मा वाटा ग्रामीण रस्त्यांसाठी, असे त्यात चक्क लिहिलेले होते. त्याच वर्षी सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेला या पैशाचा मोठा आधार मिळाला.

2018 मध्ये मात्र गणित बदलले. निधीचे नाव ‘केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी’ झाले. रेल्वे, ऊर्जा, पाणीपुरवठा, दवाखाने अशा अनेक कामांना त्यात वाटा मिळाला आणि ग्रामीण रस्त्यांचा कायद्याने बांधलेला हिस्सा गेला. कोणाला किती द्यायचे, हे आता केंद्रातली समिती ठरवते. वसूल झालेला सेस पूर्णपणे निधीत वर्ग झाला नाही, अशी नोंद कॅगने 2018-19 च्या हिशेबांबाबत केली होती.

याचा अर्थ शेतकऱ्याच्या पावतीवर पाहू. रोटाव्हेटर चालवण्यासाठी कोणी ट्रॅक्टरमध्ये 40 लिटर डिझेल भरले असे धरा. 2021 च्या दिवाळीपूर्वी लिटरमागे हा सेस 18 रुपये होता. म्हणजे 40 लिटरमागे 720 रुपये. मे 2022 मधल्या कपातीनंतर तो लिटरला 2 रुपयांवर आला, म्हणजे तेवढ्याच डिझेलमागे 80 रुपये. ज्या काळात 720 रुपये गेले, त्या काळात ते डिझेल जळाले वावरात, डांबरावर नाही. त्यातून गावचा रस्ता झाला असता तर निदान समाधान असते. पण तशी कायदेशीर हमी तेव्हा उरली नव्हती.

टोलचे गुण, टोलची मर्यादा

टोलच्या बाजूने बोलण्यासारखेही पुष्कळ आहे. नागपूर ते भिवंडीजवळचे आमणे असा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग सुमारे 55 हजार कोटी रुपयांचा. तो कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातो. एवढा खर्च सगळ्या राज्याच्या करातून भागवायचा, तर कधीच तिकडे न जाणाऱ्यावरही बोजा पडेल. एप्रिल 2025 पासून कारला किलोमीटरमागे 2 रुपये 6 पैसे टोल आहे. 100 किलोमीटरला 206 रुपये. लिटरला 20 किलोमीटर जाणारी कार तेवढ्या अंतरात पाच लिटर पेट्रोल जाळते आणि त्यात लिटरमागे 5 रुपये सेस धरला तर जेमतेम 25 रुपये जमतात. अशा रस्त्याला सेस पुरणार नाही, हे उघड आहे.

दुसरा मुद्दा वजनाचा. 1958 ते 1960 या काळात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात मुद्दाम रस्ते बांधून त्यांवरून ट्रक फिरवले गेले. ॲक्सलवरचे वजन दुप्पट झाले की रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते, असा ढोबळ नियम त्यातून निघाला. कारच्या ॲक्सलवर एक टन आणि ट्रकच्या ॲक्सलवर दहा टन धरले, तर झीज दहा हजारपट. डिझेल मात्र ट्रक कारच्या चार-पाचपटच जाळतो. ही तफावत इंधनकराला पकडता येत नाही. टोलला ती निदान काही अंशी पकडता येते. समृद्धीवर दोन ॲक्सलच्या ट्रकला किलोमीटरमागे साधारण 7 रुपये पडतात.

तिसरा मुद्दा विजेच्या गाड्यांचा. त्या रस्ता वापरतात, पण इंधनकर देत नाहीत. त्यांची संख्या वाढेल तसा सेसचा झरा आटत जाणार. जर्मनीने 2005 पासून ट्रककडून अंतरानुसार टोल घ्यायला सुरुवात केली, अमेरिकेतल्या ओरेगॉनने 2015 पासून मैलागणिक आकारणीची ऐच्छिक योजना आणली. जग त्या दिशेने निघाले आहे.

पण टोलला मोठी मर्यादा आहे. जिथे वर्दळ दाट, तिथेच तो परवडतो. मानोरा किंवा रिसोड तालुक्यातल्या एखाद्या गावाला जोडणाऱ्या रस्त्यावर नाका उभारला, तर नाक्यावरच्या माणसांचे पगारही निघणार नाहीत. शिवाय टोल चुकवणारा ट्रक जुन्या कारंजा-शेलूबाजार-मालेगाव-मेहकर रस्त्याला लागला, की त्या रस्त्याची चाळण होते आणि दुरुस्तीचा भार पुन्हा सरकारी तिजोरीवर पडतो.

मग करायचे काय?

नीती आयोगाने 2018 मध्ये विकासात मागे राहिलेल्या ‘आकांक्षित’ जिल्ह्यांत वाशीमचा समावेश केला. अशा जिल्ह्याला महामार्ग हवाच, पण त्याहून निकड आहे महामार्गापर्यंत नेणाऱ्या रस्त्याची. सोयाबीनचे पोते बाजार समितीत पोचते ते आधी पाणंदीतून, मग गावरस्त्यावरून. तिथे चिखलात ट्रॉली फसली, तर काही कोसांवरचा सहापदरी रस्ता त्या शेतकऱ्याच्या काय कामाचा?

म्हणून वाटणी स्पष्ट असावी. समृद्धीसारख्या महामार्गांचा खर्च टोलमधूनच निघावा, अंतरानुसार आणि वजनानुसार. मात्र कर्ज किती होते, किती फिटले, टोल कधी थांबणार किंवा कमी होणार, हा हिशेब प्रत्येक इंटरचेंजवर मराठीत, ठळक अक्षरांत लावलेला असावा. कोल्हापूरकरांनी टोलविरुद्ध लढा दिला, 2015 मध्ये राज्याला 12 नाके बंद करावे लागले, यामागे रकमेइतकाच हिशेबावरचा अविश्वास होता.

आणि इंधनावरचा सेस गावरस्ते आणि जिल्हा रस्त्यांसाठीच राखून ठेवावा. 2000 च्या कायद्यातली निम्म्या डिझेल सेसची तरतूद संसदेने पुन्हा आणावी, आणि जिल्ह्याला त्यातून दरवर्षी किती मिळाले हे जिल्हा परिषदेने जाहीर करावे. वाशीमच्या शेतकऱ्याने वावरात जाळलेल्या डिझेलमागे रस्त्याच्या नावाने पैसे घेतले जातात. ते त्याच्याच गावच्या रस्त्यावर उतरले पाहिजेत, ही मागणी जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामसभेने ठराव करून आपल्या खासदाराकडे पाठवावी.