कांदा आणि घोड्याचे रक्त

पेशव्यांचे सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर 1761 मध्ये पानिपतावर घोडदळ घेऊन लढले. त्यांच्या जहागिरीचे विंचूर गाव आज कांद्यासाठी ओळखले जाते. लासलगाव बाजार समितीचा उपबाजार तेथे भरतो. पण कांदा आणि घोडा यांचे मुळीच जमत नाही.

निवडून टाकलेला कांदा बांधावर पडून राहतो. मेंढपाळांचे कळप काढणी झालेल्या रानात चरतात. त्यांचे बिऱ्हाड वाहायला घोडी असतात. एकाच ढिगातला कांदा मेंढ्यांना बराचसा सोसतो, घोडी मात्र आजारी पडू शकते. असे का?

कांदा चिरडला की त्यातून गंधकाची संयुगे तयार होतात. एन-प्रोपिल डायसल्फाइड हे त्यांपैकी एक. ती रक्तात गेल्यावर तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनचे ऑक्सिडीभवन होते. बिघडलेल्या हिमोग्लोबिनच्या गुठळ्या पेशीच्या आवरणाला चिकटतात. रॉबर्ट हाइन्झ यांनी 1890 मध्ये अशा गुठळ्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना हाइन्झ कण म्हणतात. अशा पेशी फुटतात किंवा प्लीहा त्यांना नष्ट करते. परिणामी रक्तक्षय होतो.

हे ऑक्सिडीभवन सोसण्याची ताकद प्राण्यागणिक वेगळी असते. चरणाऱ्या जनावरांत गाईंना कांदा सर्वांत जास्त बाधतो, त्याखालोखाल घोड्यांना; शेळ्या-मेंढ्या बऱ्याच सहनशील. म्हणजे ‘मेंढ्यांनी खाल्ला, काही झाले नाही’ हा घोड्यासाठी पुरावा ठरत नाही. शिवाय घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेले बाहेर टाकण्याची सोय नाही.

लक्षणे काही दिवसांनी दिसतात. तोवर कांद्याची आठवणही राहत नाही. घोडा मलूल होतो, हिरड्या फिक्या किंवा पिवळसर दिसतात, लघवी लालसर तपकिरी होते, श्वासाला कांद्याचा वास येतो. यावर खास उतारा नाही. कांदा ताबडतोब बंद करावा आणि पशुवैद्यकाला बोलवावे. फार रक्तक्षय झाल्यास रक्त द्यावे लागते.

वर्गात हा विषय घेताना मुलांना एक निरीक्षण देता येईल. मालकाच्या परवानगीने, दूर उभे राहून, शांत उभ्या घोड्याची कूस मिनिटाला किती वेळा हलते ते मोजावे. निरोगी घोड्यात हा आकडा साधारण 8 ते 16 असतो. मग विचारावे : रक्तात तांबड्या पेशी कमी झाल्या तर हा आकडा का वाढेल? आणि गावातला टाकाऊ कांदा कोठे टाकला जातो, तेथे कोण चरते, हेही मुलांनीच पाहून यावे.