धावता धावता सफाई

गाडगेमहाराज गावात शिरले की आधी खराटा हाती घेत आणि रात्री कीर्तन करीत, हे आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. त्या सफाईला धावण्याची जोड देण्याची रीत अलीकडे युरोपात निघाली. स्वीडनमध्ये एरिक आलस्ट्रॉम यांनी २०१६ मध्ये तिला चालना दिली. ‘प्लॉगिंग’ हे तिचे नाव. उचलणे व धावणे या अर्थांच्या दोन स्वीडिश शब्दांपासून ते बनले. लंडनच्या ‘गुडजिम’ संस्थेचे लोक तर धावत जाऊन सार्वजनिक बागेत खुरपणी करतात आणि धावतच परततात. पुण्यात विवेक गुरव यांनी २०१८ मध्ये अशी मंडळी जमविली. पुढे ब्रिस्टलला शिकावयास गेले असता तेथेही हे काम चालविले.

नुसत्या धावण्यात कंबर वाकत नाही. येथे प्रत्येक कागदासाठी गुडघे मोडून खाली बसावे लागते. तालमीतली बैठकच ती! हातमोजे मात्र हवेत. काच, सुया हातांनी उचलू नयेत. एकदा मुलांना घेऊन मी हुसेनसागराच्या काठी गेलो, तेव्हा ओला-सुका कचरा एकाच पोत्यात भरला आणि सारी सकाळ तो निवडण्यात गेली. तेव्हापासून दोन पोती नेतो.

झाडांचे काम त्याहून अवघड. रोप लावावयास पन्नास हात पुढे येतात, एप्रिलात पाणी घालावयास कोणी नसते. म्हणून आपल्या ट्रस्टने रोपे वाटण्याआधी उन्हाळ्यातील पाण्याच्या पाळ्या नावानिशी लिहून घ्याव्यात. रविवारची पाळी माझी समजावी.