जलदूत, अटलांटिक आणि टांकसाहेबांचं इंजिन

एप्रिल २०१६. मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेली ‘जलदूत’ रेल्वे आठवते? पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आता समजा, त्या गाडीचं इंजिन वाघिणींतलं पाणी पिऊनच चाललं असतं! मिरज-लातूर कसंबसं निभावलं असतं. दिल्लीहून निघाली असती तर लातुरात कोरड्या वाघिणीच पोचल्या असत्या.

लांब पल्ल्याच्या विमानाचं दुखणं नेमकं हेच. इंधन वाहून न्यायलाही इंधनच जळतं. उड्डाणाच्या वेळी निम्मं वजन इंधनाचं असेल, तर विमान एक ठरावीक अंतर कापतं. त्याच्या दुप्पट जायचं तर इंधनाचा वाटा पाऊण हिस्सा करावा लागतो. उरलेल्या पाव हिश्श्यात पंख, इंजिनं, माणसं आणि बॉम्ब!

हे गणित जर्मन अभियंता कुर्ट टांक यांना तोंडपाठ होतं. त्यांचं ‘कॉन्डोर’ हे प्रवासी विमान ऑगस्ट १९३८ मध्ये बर्लिनहून न थांबता सुमारे २५ तासांत न्यूयॉर्कला पोचलं. दुसऱ्या महायुद्धात त्याच्यावर बॉम्ब लादून अटलांटिकवरच्या जहाजांमागे सोडलं. सांगाडा मुळात प्रवाशांसाठी बेतलेला. उतरताना काही विमानांचा पंखांमागे अक्षरशः कणा मोडला. मग १९४३ मध्ये टांक यांच्या कंपनीनं खास लांब पल्ल्यासाठी ‘टा ४००’ हे बॉम्बफेकी विमान आखलं. सहा इंजिनं, सुमारे ४६ मीटर पंखविस्तार, भरलेलं वजन ६० टनांच्या घरात. पुढे दोन जेट इंजिनंही जोडायचं ठरलं. पण वायुबोगद्यातल्या नमुन्यापलीकडे ते गेलंच नाही. एका विमानात सहा-सहा इंजिनं घालण्याची चैन युद्धानं घायकुतीला आलेल्या जर्मनीला कुठून परवडणार?

हेच टांकसाहेब १९५६ मध्ये बंगळुरूला एचएएल या विमान कारखान्यात आले आणि त्यांनी भारताचं पहिलं लढाऊ जेट ‘मरुत’ आखलं. १७ जून १९६१ रोजी ते प्रथम उडालं. देखणं, निमुळतं, वैमानिकांच्या आवडीचं. पण इथंही घोडं इंजिनापाशीच अडलं. ज्या ब्रिटिश ‘ऑर्फियस १२’ वर सारी मदार होती, ते इंजिन पुरतं विकसित झालंच नाही. ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या मनसुब्यानं आखलेल्या विमानाची ध्वनीचा वेग गाठतानाच दमछाक व्हायची. दोष आराखड्याचा नव्हे, असं माझं मत.

मुंबईला वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक मरुत उभं आहे. लातूर-नांदेडची पोरं सहलीला गेली की नाकाशी फोटो काढतात. त्यांनी जरा मागे जाऊन वाकून बघावं. शेपटीखाली दोन नळकांडी शेजारी-शेजारी दिसतील. तिथं प्रत्येकी सुमारे ३,७०० किलो रेट्याचं इंजिन बसायचं होतं. बसलं ते २,२०० किलोचं.