कानदुखी : आधी कान पाहावा, मग औषध घालावे
— ऊस विकास अधिकारी



उसाच्या पत्रिकेत कानाचा विषय कुठून आला, असे आपणास वाटेल. कारण साधे आहे. आपल्या कार्यक्षेत्रात असे घर क्वचितच सापडेल, की ज्याचा भाऊ, मुलगा नाहीतर लेक-जावई मुंबईच्या उपनगरात नाही. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली ही नावे लहान पोरांनाही पाठ असतात. गावी बरे न झालेले दुखणे शेवटी त्यांच्याच दारी जाते, आणि जाईपर्यंत बहुधा त्यावर घरगुती उपाय होऊन गेलेले असतात. कानाच्या बाबतीत हे उपाय फार महागात पडतात, म्हणून हा लेख.

गेल्या श्रावणात कामानिमित्त मुंबईस जाणे झाले. मुक्काम घाटकोपरला भटवाडीत नातेवाइकांकडे होता. शेजारच्या खोलीतला पाच वर्षांचा मुलगा रात्रभर कान धरून रडत होता. आठवडाभर त्याला सर्दी होती. त्याची आजी आपल्याच भागातली, नातवंडांसाठी तिकडे राहिलेली. सकाळी त्यांच्याबरोबर मीही कान-नाक-घसा डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी यंत्र हातात घेण्याआधी विचारले, "आजी, कानात काय काय घातलंत?"

"जास्त काय न्हाई वो. लसूण कडवून त्याल, कोमट करून. मागनं कांद्याचा रस."

"दुखायचं कधी थांबलं?"

"पहाटं थांबलं बघा. उशी वली झाली, अन् मग गप झोपला."

आजींच्या मते तेलाचा गुण आला होता. डॉक्टरांनी मान हलवली. पहाटे दुखणे थांबले ते कानाचा पडदा फुटून आतला पू बाहेर आला म्हणून. गळू फुटले की ठणका थांबतो, तसेच हे. उशी ओली झाली होती ती त्या पुवाने.

आता हे घडते कसे, ते पाहू. कानाच्या भोकापासून पडद्यापर्यंतची नळी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते, आणि ती सरळ नसून वाकडी असते. तिच्या टोकाला सुमारे एक सेंटिमीटर व्यासाचा पडदा. पडद्यामागे हवेची एक लहानशी पोकळी, तिच्यात तीन चिमुकली हाडे. त्यांतले शेवटचे रिकिबीसारखे हाड म्हणजे सगळ्या शरीरातले सर्वांत लहान हाड. या पोकळीतून एक नळी नाकाच्या मागच्या बाजूला उतरते. आपण आवंढा गिळला की ती क्षणभर उघडते आणि आत ताजी हवा जाते. लहान मुलात ही नळी आखूड आणि जवळजवळ आडवी असते. त्यामुळे सर्दी झाली की नळी सुजून बंद होते, पोकळीत पाणी साठते, जंतू वाढतात, पू होतो आणि पडद्यावर आतून दाब येतो. मूल रात्री आडवे झाल्यावर जास्त रडते ते यामुळेच. म्हणजे दुखणे पडद्याच्या पलीकडे आणि आपण तेल ओततो अलीकडे! पडदा शाबूत असेल तर ते आत पोचत नाही. फुटला असेल तर तेल, कांद्याचा रस, लसणाचे कण सगळे थेट त्या नाजूक पोकळीत जाते. दुकानातून आणलेल्या थेंबांचेही तसेच. काही थेंबांतली औषधे फुटक्या पडद्यातून आत गेली तर ऐकण्याच्या नसेला कायमची इजा करू शकतात. म्हणूनच थेंब देण्याआधी डॉक्टर पडदा पाहतात.

तपासणी मी जवळून पाहिली, ती सांगतो. प्रथम त्यांनी मुलाचा चांगला कान पाहिला. त्यामुळे मूल धीट होते आणि दुखऱ्या कानाशी ताडून पाहता येते. मग कान बाहेरून धरून हलकेच ओढला, आणि भोकाच्या पुढचा लहान उंचवटा दाबला. ही खूण आपणही लक्षात ठेवण्यासारखी आहे. कान ओढल्यावर किंवा उंचवटा दाबल्यावर कळ येत असेल तर बहुधा दुखणे बाहेरच्या नळीत आहे : फोड, बुरशी नाहीतर ओरखडा. ओढूनही काही वाटत नसेल आणि आत ठणकत असेल, तर दोष पडद्यामागे असण्याचा संभव जास्त. मात्र ही घरची परीक्षा संशयापुरतीच.

नंतर कानामागचे हाड चाचपले. तिथे सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसत असेल तर पू हाडात उतरला, असे समजावे. ती दवाखान्यात दाखल करण्याची बाब होय.

मग ऑटोस्कोप. बॅटरीचा दिवा, भिंग आणि पुढे निमुळते नळकांडे असे हे साधन. नळी वाकडी असल्याने मोठ्या माणसाचा कान वर आणि मागे ओढून ती सरळ करतात. तान्ह्या मुलाचा खाली आणि मागे. निरोगी पडदा मोत्यासारखा राखी दिसतो, आणि त्यावर दिव्याचा एक तिकोनी कवडसा चमकतो. पू साठलेला पडदा लाल आणि बाहेर फुगलेला असतो. या मुलाच्या कानात आधी काहीच दिसेना, सगळे तेलाने माखलेले. डॉक्टरांनी बारीक नळीच्या यंत्राने ते ओढून काढले, तेव्हा पडद्याच्या खालच्या भागात लहानसे भोक दिसले. "आठ-दहा तास आधी आला असता तर फुगलेला पडदा दिसला असता, तेव्हाच औषध सुरू केलं असतं," एवढेच ते म्हणाले. आजींना बोल लावला नाही, हे मला आवडले. असे ताजे भोक कोरडे ठेवले तर बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप भरून येते. तोवर कानात पाणी जाऊ द्यायचे नाही, म्हणजे अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापसाचा बोळा, आणि गावी आल्यावर विहिरीत उडी बंद!

थोड्या मोठ्या मुलांची आणि आपली परीक्षा ट्यूनिंग फोर्कनेही करतात. सेकंदाला ५१२ वेळा कंप पावणारा हा दोन पायांचा चिमटा वाजवून आधी कानामागच्या हाडावर टेकवतात, मग कानाजवळ हवेत धरतात. चांगल्या कानाला हवेतला आवाज मोठा वाटतो. हाडावरचा मोठा वाटला, तर बाहेरच्या नळीत, पडद्यात किंवा त्या तीन हाडांत अडथळा आहे असे ठरते. ही युक्ती रिने नावाच्या जर्मन डॉक्टराने १८५५ साली सांगितली. अजूनही तिला खर्च शून्य.

आता शेतातले उदाहरण देतो. उसाचा पोंगा वाळला की पुष्कळ जण पाणी कमी पडले म्हणून पाळी लवकर देतात. तोच पोंगा ओढून पाहा. सहज हातात आला आणि बुडाला घाण वास आला तर खाली खोडकिडा आहे. पाणी देऊन काय होणार? कानाचेही असे होते. कान दुखतो, पण डॉक्टरांना नळी स्वच्छ दिसते आणि पडदा मोत्यासारखा दिसतो. मग ते तोंड उघडायला लावतात आणि आपल्याला राग येतो, की कान दुखतो अन् हे दात काय मोजतात! कारण असे की दाढा, जबड्याचा सांधा, टॉन्सिल, जिभेचे मूळ आणि घसा यांच्या नसांचे फाटे कानालाही जातात. दुखणे तिकडचे, कळ इकडे. किडकी दाढ हे त्याचे नेहमीचे कारण.

पण दुसरे एक कारण आहे आणि त्यासाठी हा परिच्छेद घरात मोठ्याने वाचावा. तंबाखू, मिसरी, गुटखा किंवा विडी यांची वर्षानुवर्षे सवय असलेल्या माणसाचा एकच कान आठवडेच्या आठवडे दुखत असेल, कानात काही सापडत नसेल, आणि सोबत गिळताना टोचणे, आवाज बसणे, तोंडात न भरणारी जखम किंवा मानेत गाठ असेल, तर घशाच्या किंवा जिभेच्या कर्करोगाची ती खूण असू शकते. असा रोग लवकर सापडला तर बरा होण्याची आशा पुष्कळ. अशा माणसाने कानात थेंब घालत महिना घालवू नये.

ऊसतोडीच्या दिवसांत आणखी एक प्रकार घडतो. रात्री फडाजवळ निजलेल्या माणसाच्या कानात किडा शिरतो आणि आत फडफडतो. इथे मात्र तेल उपयोगी. कान वर करून साधे गोडे तेल, गरम न करता, काही थेंब घालावे. किडा गुदमरून मरतो आणि मग डॉक्टर तो काढतात. कान पूर्वी वाहत असेल तर तेलही नको. पोराने कानात हरभरा, मक्याचा दाणा किंवा चिंचोका घातला तर पाणी मुळीच घालू नये, दाणा फुगून घट्ट बसतो. चिमट्याने तर ओढूच नये, तो आत सरकतो.

मळाविषयी थोडे. उपनगरांच्या स्टेशनांबाहेर डोक्याच्या फडक्यात काडी खोचून फिरणारे कान साफ करणारे पूर्वी जागोजागी दिसत. आता कमी झाले. त्यांची जागा कापसाच्या काडीने आणि मोटारसायकलच्या चावीने घेतली, एवढाच फरक. कानाच्या नळीची कातडी स्वतःच हळूहळू बाहेरच्या दिशेने सरकते आणि मळ घेऊन येते. तो मळ नळीचे पाण्यापासून आणि जंतूंपासून रक्षण करतो. काडीने तो आतच ठासला जातो. पावसाळ्यात, आणि मुंबईच्या दमट हवेत तर विशेष, अशा ओरखडलेल्या ओल्या कानात बुरशी धरते. आधी खाज, मग दुखणे. आत भिजलेल्या टीपकागदासारखा पांढरा-काळा थर दिसतो. तो डॉक्टरांनी काढूनच औषध घालावे लागते.

कानदुखीच्या प्रत्येक मुलाला प्रतिजैविक लागतेच असे नाही. मूल दोन वर्षांवरचे, ताप थोडा आणि दुखणे सौम्य असेल तर डॉक्टर कधी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल देऊन दोन-तीन दिवस वाट पाहतात. त्यांनी इंजेक्शन दिले नाही म्हणून डॉक्टर बदलू नये. मात्र कानामागे सूज, तोंड एका बाजूला वाकडे होणे, चक्कर, सारख्या उलट्या, मान ताठणे किंवा एकाएकी ऐकू न येणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी निघावे. थोडाच पण दुर्गंधी पू महिनोन्‌महिने येत असेल आणि दुखत नसेल, तरी स्वस्थ बसू नये. त्यात हळूहळू हाड पोखरणारा रोग असू शकतो व त्याला शस्त्रक्रियाच लागते.

मुंबईत जाणाऱ्यांसाठी : घाटकोपर पूर्वेला महापालिकेचे राजावाडी रुग्णालय आहे, अंधेरीकडच्यांना जुहूचे कूपर रुग्णालय जवळ. बाह्यरुग्ण विभागात केसपेपर सकाळीच काढावा. मूल हाक मारूनही ओ देत नसेल किंवा टीव्हीचा आवाज सारखा वाढवत असेल, तर ऐकण्याची यंत्रावरची तपासणी करावी लागते. त्यासाठी वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग यांच्या नावाची केंद्र सरकारची राष्ट्रीय संस्था १९८३ सालापासून आहे. जंग हे आपल्या राज्याचे राज्यपाल असतानाच १९७६ साली वारले. जाताना जुने कागद आणि आधी घातलेल्या थेंबांच्या बाटल्या बरोबर न्याव्या, रिकाम्या असल्या तरी. आणि निघण्यापूर्वी कानात काही घालू नये.

पुढील अंकात खोडव्यातील पाचट व्यवस्थापनाविषयी.